पटावर नाव आहे, शिक्षण कुठे आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत केलेले भाषण)



आम्ही दोन शब्द बोलायला उभे आहोत. आम्ही म्हणजे याच वस्तीतल्या चार घरांतले आई-बाप. बोलायला उभा एकच जण आहे, पण बोल चारही घरांचे आहेत. आम्ही काही वक्ते नाही. चुकलेमाकले तर पदरात घ्यावे ही विनंती.

आमच्या चारही घरांत एकेक दिव्यांग मूल आहे. पूर्वी अपंग म्हणायचे, आता सरकारी कागदावर दिव्यांग लिहितात. नाव बदलले, पण शाळेतली जागा मात्र दाराजवळचीच राहिली. त्या जागेबद्दल आज बोलायचे आहे.

आमच्यातल्या एका घरची मुलगी आहे. जन्मापासून तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय तिच्या कह्यात नाहीत, बोलणे अडखळत येते, पण डोके लख्ख. ती सहा वर्षांची झाली तेव्हा तिला वस्तीजवळच्या शाळेत पहिलीत घातले. प्रवेशाच्या वेळी तपासणी शिबीर झाले. डॉक्टर आले, साहेब आले, फॉर्म भरले, अंगठ्याचे ठसे घेतले. तिथे आम्हाला सांगितले की आठवड्यातून दोन दिवस खास शिकवणाऱ्या बाई येतील, बसायला वेगळी खुर्ची-टेबल येईल, व्हीलचेअर मिळेल, पायरीच्या जागी उतार करू, मदतनिसाचे बघू. आम्ही हात जोडले. घरी येऊन चहा केला. वाटले, पोरीचे भले झाले.

पुढे काय झाले ते ऐका. व्हीलचेअर आली, ती सामानाच्या खोलीत गेली आणि तिच्यावर जुने बॅनर पडले. खास बाई पहिल्या महिन्यात दोनदा आल्या, मग दिवाळीनंतर एकदा. पोरगी दाराजवळ सतरंजीवर बसायची. रोज दुपारी तिची आई काम टाकून शाळेत जायची, कारण पोरीला लघवीला न्यायला कोणी नव्हते. हजेरीपटावर मात्र रोज हजर. प्रगतिपुस्तकात 'प्रगती समाधानकारक'. अशी दोन वर्षे गेली आणि ती तिसरीत गेली.

आम्हाला हे कळले कुठे? इथेच, याच विहारात. रविवारी मुलांचा वर्ग घेणारी आपली कॉलेजातली ताई आहे. तिने एक दिवस मुलीच्या वडिलांना बाजूला घेतले आणि विचारले, "काका, ही तिसरीत आहे ना? हिला 'क' ओळखता येत नाही. पण तोंडी हिशेब सगळ्या पोरांच्या आधी सांगते."

बाप घरी गेला तो रात्रभर जागा होता. पोरीला येत नव्हते असे नाही, तिला कोणी शिकवलेच नव्हते. आणि आम्ही मूग गिळून बसलो होतो.

का बसलो होतो? खरे सांगायचे तर शाळेने तिला ठेवून घेतले हाच आम्हाला उपकार वाटत होता. जास्त बोललो तर "तुमची मुलगी दुसरीकडे न्या" म्हणतील ही भीती. आमच्यासारखे आई-बाप बहुतेक असेच गप्प बसतात. म्हणून पहिली गोष्ट ही समजून घ्यायला हवी की शाळा जे देते ते उपकार म्हणून देत नाही, ते देणे तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या आपल्या घटनेत कलम ४५ होते. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले होते. 'सर्व मुलांना' हे शब्द ध्यानात ठेवा. त्यातून लंगडा, आंधळा, बहिरा वगळलेला नव्हता. ती दहा वर्षे १९६० साली संपली. त्यानंतर २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१-क आले, २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग मुलांचा समावेश वंचित घटकात झाला. ज्याला शाळेत जाताच येत नाही अशा तीव्र किंवा बहुविध दिव्यांग मुलाला घरी शिकण्याचा पर्यायही त्यात आला.

दिव्यांगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. आता त्यात अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे ज्या पोराला वाचणे-लिहिणे जड जाते आणि आपण ज्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो ते मूल. स्वमग्नता आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमियाही आहे.

या कायद्याचे कलम १६ घरोघरी वाचून दाखवावे असे आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा सरकारची मान्यता असणाऱ्या शाळेने काय करायचे ते त्यात सांगितले आहे. दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. इमारत आणि आवार त्याला वापरता येईल असे करायचे. प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे सोय आणि मदत द्यायची. अंध आणि मूकबधिर मुलांना त्यांच्या भाषेत आणि लिपीत शिकवायचे. अध्ययन अक्षमता लवकर ओळखायची. मुलाची प्रगती होते की नाही याच्यावर लक्ष ठेवायचे. ने-आण करायची, आणि ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या मदतनिसाचीही. कलम १७ मध्ये पुस्तके, साहित्य आणि परीक्षेतल्या सवलती आहेत, जसे लेखनिक आणि जादा वेळ. आणि कलम ३१ सांगते की चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळाले पाहिजे, जवळच्या शाळेत नाहीतर त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. चौदा नाही, अठरा. बऱ्याच जणांना हे माहीत नाही. आम्हालाही नव्हते.

मग प्रश्न येतो की कायदा इतका चांगला असून आमची पोरगी सतरंजीवर का? आम्हाला आधी वाटले खास बाई कामचुकार आहेत. एकदा त्या आल्या तेव्हा आईने त्यांना गाठले आणि चांगलेच सुनावले. बाई चिडल्या नाहीत. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे इतक्या शाळा दिल्यात की आठवड्याचे दिवस पुरत नाहीत. माझी नोकरी कंत्राटी. तुमच्या शाळेत आले की दुसऱ्या शाळेतलं पोरगं माझी वाट बघत असतं."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. भांडण बाईंशी नव्हतेच. बाई पुरेशा नाहीत हेच दुखणे होते. सर्वोच्च न्यायालयानेही २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात यात लक्ष घातले. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे त्या निकालात आहे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की राज्यांनी या शिक्षकांची मंजूर पदे जाहीर करावीत आणि भरावीत. साडेतीन वर्षांनी तेच पुन्हा सांगावे लागते, यावरून काय ते समजा.

पैशाची तरतूद नाही असेही नाही. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत खर्च धरला. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, वर्षातले दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ता ठेवला. आमच्या पोरीला तो भत्ता दोन वर्षे मिळाला नाही, कारण बँकेचे खाते कोणी जोडलेच नव्हते.

बंधू-भगिनींनो, याच ठिकाणी आम्हाला बाबासाहेबांची एक गोष्ट कामाला आली. १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर त्यांनी भाषण केले. त्यांनी तिथे नुसते गाऱ्हाणे मांडले नाही, आकडे मांडले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले. पटावर किती नावे आहेत एवढ्याने बाबासाहेबांचे समाधान होत नव्हते, किती मुले शिकून बाहेर पडली ते ते मोजत होते. आम्ही ठरवले, आपणही मोजायचे.

आम्ही दोनशे पानी वही आणली. त्यात रकाने आखले : तारीख, खास बाई आल्या का, किती वेळ थांबल्या, काय शिकवले, कोणते साहित्य दिले. दुपारी आई जायचीच, ती विचारून यायची. वर्गातली पोरे सांगायची. खास बाईंनाही आम्ही हे सांगितले, लपवले नाही. त्या म्हणाल्या, "लिहा. माझंही बरंच होईल."

इकडे विहारात चौकशी केली तर आमच्यासारखी आणखी तीन घरे निघाली. एका मुलीला कमी दिसते, तिला मोठ्या अक्षरांची पुस्तके मिळणार होती, ती दोन वर्षे आलीच नव्हती. एका मुलाला अध्ययन अक्षमता, त्याची तपासणीच झाली नव्हती, नुसता मार खात होता. आणि एका घरचा मुलगा कमी ऐकणारा. त्याला कानाचे मशीन मिळाले होते, पण त्याचे सेल संपले ते पुन्हा कोणी दिले नाहीत. त्याला वर्गात काही कळेना. सातवीत त्याने शाळा सोडली आणि मामाबरोबर रंगकामाला जायला लागला. शाळेच्या पटावर त्यानंतरही काही महिने त्याचे नाव होते.

चारही घरांनी मिळून मुख्याध्यापिका बाईंना लेखी अर्ज दिला. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "तोंडी सांगा, अर्जाची काय गरज?" आम्ही नम्रपणे म्हटलं, "मॅडम, तोंडी दोन वर्षे सांगितलं. आता पोच द्या." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. मग माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला. तीनच प्रश्न विचारले : आमच्या शाळेत गेल्या वर्षी विशेष शिक्षक कोणत्या तारखांना आले, या मुलांसाठी कोणते साहित्य आणि किती रुपये आले, आणि प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कुठे आहे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. उत्तर आले. त्यातल्या तारखा आणि आमच्या वहीतल्या तारखा जुळत नव्हत्या. आराखड्याच्या जागी एकच कागद होता, चारही मुलांना तोच मजकूर, फक्त नाव बदललेले.

ती वही आणि ते उत्तर घेऊन आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला गेलो. ही समिती म्हणजे काय तेही सांगतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊण सभासद पालक असावे लागतात, निम्म्या बाया असाव्या लागतात आणि वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना प्रतिनिधित्व द्यावे लागते. शाळेचा पैसा कुठे जातो हे बघायचा तिला अधिकार आहे. आपल्यातले किती जण त्या सभेला जातात? सही करायला घरी रजिस्टर येते आणि आपण सही करतो. आम्हीही करत होतो.

सभेत आवाज चढवला नाही. वही पुढे ठेवली आणि म्हटले, "या आमच्या तारखा, या तुमच्या. तुम्हीच सांगा." सभा थोडा वेळ गप्प होती. मग मुख्याध्यापिका बाईच म्हणाल्या की वरच्या कार्यालयाला पत्र लिहू, आणि त्यांनी लिहिले. त्यांच्याकडेही माणसे कमी, कामे ढीगभर. आम्ही कागद दिल्यावर त्यांनाही वर मागायला आधार मिळाला.

आज चित्र काय आहे? व्हीलचेअर सामानाच्या खोलीतून बाहेर आली. मंगळवार आणि शुक्रवार हे खास बाईंचे दिवस ठरले, आणि बहुतेक वेळा त्या येतात. पेन्सिलीला जाड रबर गुंडाळून पोरीच्या हातात बसेल अशी केली. चाचणी तोंडी घेतात. मागच्या महिन्यात तिने पाटीभर मोठ्या अक्षरांत आपले नाव लिहिले. वाकडेतिकडे, पण वाचता येते. कमी दिसणाऱ्या मुलीला पुस्तके मिळाली. तिसऱ्या मुलाची तपासणी झाली, मार बंद झाला.

सगळे झाले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उतार अजून अर्धाच आहे, शेवटची पायरी तशीच आहे. मदतनीस मिळालेला नाही, आई अजून दुपारी जाते. आणि तो कानाचे मशीन असलेला मुलगा आमच्या हातून निसटला. तो आता पंधरा वर्षांचा आहे. कायदा त्याला अठरापर्यंत शिक्षण देतो, म्हणून त्याला पुन्हा शाळेत बसवायचा आमचा प्रयत्न चालू आहे. तो म्हणतो, "आता लहान पोरांत बसायला लाज वाटते." त्याला काय उत्तर द्यावे? आपण वेळेवर मोजले असते तर ही वेळ त्याच्यावर आली नसती.

म्हणून इथे बसलेल्या प्रत्येक आई-बापाला आमचे सांगणे आहे.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या, बरीचशी कामे तिथेच अडतात. शाळेने जे कबूल केले ते कागदावर मागा. कोण येणार, कोणत्या वारी, किती वेळ आणि काय शिकवणार, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. 'बघू, करू' हे उत्तर धरू नका. वही ठेवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा.

शाळेत काम झाले नाही तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. तिथेही हात हलवत परत यावे लागले तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. पुण्याला दिव्यांगांसाठीचे राज्य आयुक्त आहेत, त्यांच्याकडेही तक्रार जाते. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने काय केले ते तीन महिन्यांत कळवावे लागते. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. पण उंबरठे झिजवायला एकट्याने जाऊ नका. एकटा बाप गेला की त्याला "उद्या या" म्हणतात. चार घरे गेली की खुर्ची देतात. हा आमचा अनुभव आहे.

ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांनाही दोन शब्द. आपल्या वस्तीत अजून काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी येते की हे मागच्या जन्मीचे भोग. आजी, काका, राग मानू नका, पण हे बोलणे आपल्याला शोभत नाही. याच मागच्या जन्माच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना शाळेच्या बाहेर बसवले होते. मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला इजा झाली, एवढेच तिचे कारण आहे. तिला उतार हवा, जाड पेन्सिल हवी आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवणाऱ्या बाई हव्यात. पापपुण्याचा इथे काही संबंध नाही.

विहार कमिटीला आमची एक मागणी आहे. महिन्यातल्या एका रविवारी, वंदनेनंतर अर्धा तास, या मुलांच्या पालकांची बैठक इथे घेऊ द्यावी. शिकलेल्या पोरापोरींनी अर्ज लिहायला मदत करावी. आम्ही आमची वही घेऊन येऊ. ज्यांना वही कशी आखायची ते माहीत नाही त्यांना आखून देऊ.



जयभीम! नमो बुद्धाय!